रात्री तीनला जाग येते आणि वाटतं दारात कुणीतरी उभं आहे

या वेळचं पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते, नाव-गाव गाळून.

"ताई, सलाम. चार महिन्यांपूर्वी माझे सासरे प्रभूकडे गेले. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, मीच त्यांचं सगळं केलं. ते गेल्यापासून मला रात्री तीनच्या सुमाराला जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही आणि दारात कुणीतरी उभं आहे असं अगदी पक्कं वाटतं. प्रार्थना ग्रुपमधल्या एका बहिणीला सांगितलं तर त्या घरी आल्या, सगळीकडे फिरल्या आणि म्हणाल्या अशुद्ध आत्मा आहे, सासऱ्यांच्या खुर्चीला चिकटलाय, घराण्याचा शाप पण आहे, आणि पहाटे तीन ही सैतानाचीच वेळ असते. खुर्ची गॅलरीत काढून ठेवलीय. बाबा रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. त्यांच्या शास्त्रात खूण अजून तशीच आहे, उघडायची हिंमत होत नाही. दारांना प्रार्थनेचं तेल लावते, रात्रभर मोबाईलवर स्तोत्रांचं ऑडिओ लावते. झोपायच्या आधी सैतानाचं बंधन तोडायची प्रार्थना म्हणते, त्यांनीच कागदावर लिहून दिलीय, एखादा शब्द चुकला की परत पहिल्यापासून. मिस्टर चिडतात. परवा माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, आई, सैतान माझ्या कपाटात पण आहे का? मला उत्तरच देता आलं नाही. ताई, माझा विश्वास कमी आहे का? प्रभू माझ्या घरातून गेला का?"

प्रिय बहिणी,

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुला धीर निघणार नाही. नाही गं, प्रभू तुझ्या घरातून गेलेला नाहीये. तुला भीती वाटते म्हणून तो जात नाही आणि प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला म्हणून तर अजिबातच जात नाही. शास्त्रात 'भिऊ नको' हे अब्राहामाला सांगितलंय, यहोशवाला सांगितलंय, मरीयेला, मेंढपाळांना, म्हणजे सगळ्या घाबरलेल्या माणसांनाच सांगितलंय, आणि त्यातल्या एकालाही देव म्हणाला नाही की तू घाबरलास म्हणजे तुझा विश्वास नाही, मी चाललो. भीती वाटणं हे पाप नाही. आपण ती घेऊन कुणाकडे जातो, एवढाच प्रश्न असतो.

आता मी तुला असं पण सांगणार नाही की दुष्टात्मे वगैरे काही नसतंच, सगळे मनाचे खेळ आहेत. मी शास्त्र मानते आणि शास्त्रात ते आहेत. पण ते केवढे आहेत ते बघ ना. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो गरसेकरांच्या भागातला माणूस आहे, कबरींमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, रात्रंदिवस ओरडत दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा, कुणालाच न आवरणारा. त्याच्यात एक नाही, सैन्यच होतं. आणि येशू नावेतून उतरल्यावर त्या सैन्याने काय केलं? गयावया केली. आम्हाला या भागातून घालवू नकोस, निदान डुकरांत तरी जाऊ दे. सुमारे २००० डुकरांचा कळप होता, त्या डुकरांमध्ये शिरायला सुद्धा त्यांना परवानगी मागावी लागली! ईयोबाच्या पुस्तकात पण तेच, सैतान देवासमोर येऊन परवानगी मागतो आणि देव जिथे रेघ मारतो तिथे थांबतो.

तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संत अँथनी राहायचे, एकटे, काही काळ तर थडग्यांमध्येच. त्यांचं चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी लिहून ठेवलंय आणि त्यात अँथनी आपल्या शिष्यांना साधारण असंच सांगतात, की यांच्यात खरंच ताकद असती तर एकटा येऊन काम करून गेला असता, एवढा आवाज, एवढी सोंगं कशाला लागली असती, ज्यांना डुकरांवर सुद्धा अधिकार नाही त्यांना देवाच्या माणसांवर कुठला असणार. आणि त्यांनी अजून एक फार खरी गोष्ट सांगितलीय, की ते येतात तेव्हा आपलं मन जसं सापडेल तसे आपल्यापुढे होतात. मन घाबरलेलं सापडलं की भीती आणखी वाढवतात, मन प्रभूच्या गोष्टीत रमलेलं सापडलं की त्यांना करण्यासारखं काही राहत नाही.

हे मी नुसतं वाचलेलं सांगत नाहीये. मी एकोणीस वर्षांची असताना एका सभेत एकाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की या मुलीत भीतीचा आत्मा आहे. झालं. त्या दिवसापर्यंत मला रात्रीची कसलीच भीती नव्हती, त्यानंतर दीड वर्षं मी लाईट चालू ठेवून झोपले. उशीखाली शास्त्र. पडदा जरी हलला तरी मी 'तुला बांधते, निघ, निघ' असं पुटपुटत बसायचे, घसा कोरडा पडायचा, आणि सकाळी उठून अभ्यासाच्या नावाने शून्य. आमच्या चर्चमध्ये एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळे मावशी म्हणायचे, त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी दिवसेंदिवस वाळत चाललीय. त्यांनी मला घरी बोलावलं, उपदेश काही केला नाही, वही आणि पेन्सिल पुढे ठेवली आणि म्हणाल्या, तू रात्री जी प्रार्थना करतेस ती जशीच्या तशी लिही. मी लिहिली, अकरा वाक्यं झाली. मग म्हणाल्या, आता यातली जी वाक्यं तू देवाशी बोलतेस त्याच्याखाली रेघ मार.

मी पेन्सिल घेऊन वाचत गेले. दोन वाक्यांखाली रेघ आली. पहिलं 'हे प्रभू' आणि शेवटचं 'आमेन' असलेलं. मधली नऊच्या नऊ वाक्यं मी सैतानाशी बोलत होते. रोज रात्री, गुडघे टेकून, दीड वर्षं! मावशी एवढंच म्हणाल्या, "बाळा, ज्याला घाबरतेस त्याच्याशीच एवढं बोलत बसलीस तर बापाशी कधी बोलणार?"

बहिणी, तू तो कागद घे आणि हेच कर. मला वाटतं तुझं पण बरंचसं असंच निघेल. मग त्याच्याशेजारी प्रभूने स्वतः शिकवलेली प्रार्थना लिहून बघ. तिची सुरुवात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे, मग त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, रोजची भाकर, क्षमा, आणि अगदी शेवटाला येतं की आम्हाला त्या वाईटापासून सोडव. वाईटाचा विषय आहे, टाळलेला नाही, पण एका ओळीपुरता आहे आणि ती ओळ सुद्धा पित्यालाच उद्देशून आहे. येशू शिष्यांना शिकवताना वाईटाला जेवढी जागा देतो तेवढीच आपण पण द्यावी.

आणि शब्द चुकला की परत पहिल्यापासून, हे तर लगेच थांबव. ती प्रार्थना राहिलेलीच नाही, ते मंत्रासारखं झालंय. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसमध्ये स्कवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी हेच केलं होतं, दुष्टात्मा लागलेल्या एका माणसावर येशूचं नाव एक फॉर्म्युला म्हणून वापरलं, ओळख काही नाही. तर त्या माणसातला आत्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही माहितीय, तुम्ही कोण? आणि त्यांना मार खाऊन पळावं लागलं. हे वाचून उलट घाबरू नकोस हं. त्यांच्यात आणि तुझ्यात फरक हाच आहे की ते येशूला ओळखत नव्हते, तू त्याची आहेस. तुझा शब्द अडखळला, अर्धी प्रार्थना झोपेत गेली, नुसतंच 'प्रभू' म्हणून तू रडलीस, तरी तुझी मुलगी बोबडं बोलायची तेव्हा तुला कळायचं ना, तसं त्याला कळतं. त्याच अध्यायात पुढे इफिसच्या लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, ५०,००० चांदीच्या नाण्यांची, म्हणजे बिनचूक शब्दांवरचा भरवसा त्यांनी सोडून दिला. तुझ्या हातात एकच कागद आहे. फाडायला हात धजत नसेल तर चर्चच्या पाळकांकडे देऊन ये.

आता पहाटे तीनचं बोलू या, कारण तुझ्या पत्रात तीच भीती सगळ्यात जास्त आहे. ही 'सैतानाची वेळ' कुणी ठरवली? शास्त्रात तरी असं कुठेच नाही. शास्त्रात काय आहे ते सांगते. मत्तयच्या चौदाव्या अध्यायात शिष्य रात्रभर समुद्रात आहेत, वारा समोरून, लाटांनी नाव हेलकावतेय, आणि रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे त्या वेळच्या मोजणीप्रमाणे साधारण पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, त्यांना पाण्यावर कुणीतरी उभं दिसतं, त्यांच्याच दिशेने येणारं. ते भीतीने ओरडतात, "भूत आहे!" यातले काही जण मुरलेले कोळी होते, रात्रीचा समुद्र त्यांना नवा नव्हता, तरी ओरडले. आणि ते भूत नव्हतंच. तो येशू होता. धीर धरा, मी आहे, भिऊ नका, असं तो लगेच बोलतो, त्यांना घाबरलेलं ठेवून गंमत बघत नाही.

मी या प्रसंगावर किती वेळा थांबलेय सांगू. ज्याला ते भूत समजले तोच त्यांना वाचवायला आला होता. पहाटे तीनला अंधारात तुझ्याकडे येणारा कुणी असेलच तर तो आधी हा आहे, हे तू का विसरतेस?

पण त्याचबरोबर तू जे लिहिलंयस ते, अंग हलत नाही, छातीवर भार, आवाज फुटत नाही, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री, हे सगळं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. स्लीप पॅरालिसिस म्हणतात त्याला. आपण स्वप्नं पडणाऱ्या झोपेत असतो तेव्हा शरीर स्नायू सैल सोडून देतं, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच उठून पळालो असतो. कधीकधी मन आधी जागं होतं आणि स्नायू अजून सुटलेले नसतात, डोळे उघडे आणि स्वप्नाचा तुकडा अजून चालूच, म्हणून दारात कुणीतरी दिसतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं, मग आपोआप सुटतं. शंभरातल्या सात-आठ जणांना तरी आयुष्यात कधी ना कधी हे होतं, विश्वासणाऱ्यांना होतं, न मानणाऱ्यांनाही होतं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून ही वेळ. आणि झोपमोड, थकवा, टेन्शन, उताणं झोपणं यांनी ते वाढतं. तू दोन वर्षं आजारी माणसाच्या हाकेला उठत होतीस, अगं तुझ्या शरीराला पूर्ण रात्र झोपायचं असतं हेच आठवत नसेल. आणि आता त्यावर रात्रभर मोबाईल बोलत असतो. तो बंद कर. देवाचं वचन म्हणजे भिंतीवरचं कुंपण नाही की लाईट गेली, चार्जिंग संपलं आणि संरक्षण गेलं. डॉक्टरांना भेट, न लाजता सगळं सांग. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढायचा अधिकृत विधी आहे, १६१४ पासूनचा, १९९९ मध्ये सुधारून काढलेला, तिथे सुद्धा बिशपच्या खास परवानगीशिवाय कुणाला तो करता येत नाही आणि हा आजार तर नाही ना हे आधी नीट बघावं लागतं. ज्यांच्याकडे विधी आहे ते इतकं सांभाळून चालतात, आणि इथे एका फेरीत घरभर आत्मे सापडतात, हे मला बरोबर वाटत नाही, स्पष्टच सांगते.

त्या बहिणीबद्दल मनात राग धरू नकोस, त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण त्यांचं सगळंच मानायची गरज नाही. घराण्याचा शाप म्हणतात ना, यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात देव सरळ सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, आणि प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्ताने आपल्याकरता शाप होऊन आपल्याला सोडवलंय. मग कुठला शाप उरला? सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो हे पेत्राचं वचन त्यांनी तुला नक्कीच दाखवलं असेल. त्याच्या बरोबर आधीची ओळ पण वाच. तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. सिंह येतो त्याच्याआधी पेत्राने हे लिहून ठेवलंय. याकोब पण म्हणतो सैतानाला अडवा म्हणजे तो पळेल, पण वाक्याची सुरुवात 'देवाच्या अधीन व्हा' अशी आहे, आणि आपण पहिला अर्धा भाग गाळून नुसते अडवत बसतो, मग दमतो. त्यांना फक्त एवढं सांग की ताई, सध्या मी घरी साधी प्रार्थना करतेय, आपण रविवारी भेटू. वाद घालू नकोस.

साधी म्हणजे किती साधी? सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले, त्यात झोपायच्या आधी रोज तीन स्तोत्रं नेमून दिलीत, ४, ९१ आणि १३४. शेकडो वर्षं माणसं तेवढं म्हणून झोपलीत. धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने १५२९ मध्ये घरच्या माणसांसाठी संध्याकाळची छोटी प्रार्थना लिहिली, तुझा पवित्र दूत माझ्याबरोबर असू दे, म्हणजे त्या दुष्ट शत्रूचा माझ्यावर काही अधिकार चालणार नाही, आणि त्याच्यापुढे सूचना काय दिलीय, तर आता आनंदाने लगेच झोपी जा. लगेच! पहारा देत बसा असं नाही. तू चौथं स्तोत्र घे, आठच ओव्या आहेत, शेवटच्या ओवीत आहेच की मी स्वस्थपणे पडून झोपेन कारण मला एकांतात निर्भय ठेवणारा तूच आहेस. म्हण, आणि कूस बदलून झोप. जाग आलीच तर लढू नकोस. मनात प्रभूला फक्त 'बापा, मी इथे आहे' म्हण, श्वास सावकाश सोड, पायाचं एखादं बोट हलवायचा प्रयत्न कर, सुटेल.

लेकीला काय सांगायचं? कपाट उघड. तिच्याबरोबर, दिवसा आणि रात्री पण. कपडे दाखव, खेळणी दाखव. सैतान असतो का असं तिने विचारलंच तर खोटं बोलू नकोस, म्हण, असतो, पण येशूपुढे त्याचं काही चालत नाही आणि तू येशूची आहेस. मग तिचं लक्ष तिथेच रेंगाळू देऊ नकोस, तिला त्या वादळातल्या नावेची गोष्ट सांग. मुलं आपल्या शब्दांपेक्षा आपला चेहरा वाचतात. तू तिच्यासमोर दारांना तेल लावत फिरणं थांबवलंस, तर निम्मी भीती तिथेच जाईल.

आता जे तू लिहिलंच नाहीस ते. एवढ्या मोठ्या पत्रात तू एकदाही लिहिलं नाहीस की बाबांची आठवण येते. दोन वर्षं तू त्यांना भरवलंस, पुसलंस, कुशीवर वळवलंस, रात्री तीनला त्यांच्या खोकल्याने उठलीस, आणि ते गेल्यावर तुला रडायला कुणी वेळच दिला नाही, सरळ सांगितलं की घरात आत्मा आहे. तुझं शरीर अजून तीनला उठतंय, मला वाटतं ते त्यांच्याच हाकेची वाट बघतंय. ते घरात भटकत नाहीयेत गं. वधस्तंभावर शेजारच्या चोराला येशू म्हणाला होता, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज. पौल पण म्हणतो, शरीरातून निघालो की प्रभूजवळ. बाबा तिथे आहेत. ज्या खुर्चीत बसून एका म्हाताऱ्या विश्वासणाऱ्याने वर्षानुवर्षं रोज देवाचं वचन वाचलं, ती खुर्ची सैतानाची कशी होईल? ती तुझ्या घरातली सगळ्यात जास्त प्रार्थना ऐकलेली वस्तू आहे.

ती आत आण, मिस्टरांना हात लावायला सांग, त्यांनाही बरं वाटेल, त्यांचे वडील होते ते. चार महिन्यांची धूळ असेल, ओल्या फडक्याने नीट पूस, पूर्वीच्याच जागी ठेव. रडू आलं तर रड. मग संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन तिच्यात बस, बाबांचं शास्त्र उघड आणि त्यांनी जिथे खूण ठेवलीय तिथून पुढे वाचायला लाग.

तुझी ताई